जोडेघाटचा कुमराम भीम

निजामी राजवटीत आदिलाबादच्या अरण्यात कायदा म्हणजे वनरक्षकाची आणि पोलीस शिपायाची मर्जी. संकेपल्ली येथे १९०१ च्या सुमारास जन्मलेल्या कुमराम भीम या गोंड युवकाने ती बालपणापासून अनुभवली. राखीव जंगलाच्या नावाखाली शेते हिरावली जात, कसण्याच्या परवानगीसाठी लाच उकळली जाई, वस्त्या जाळल्या जात. जमीन बळकावणारा एकजण त्याच्या हातून मारला गेल्यावर भीम परागंदा झाला आणि चांद्यामार्गे आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला, असे लोकपरंपरा सांगते.

परतल्यावर त्याने जोडेघाट परिसरातील बारा गावांत जल, जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी गोंड व कोलाम बांधवांना संघटित केले. आधी अर्जविनंत्या झाल्या. त्या निष्फळ ठरल्यावरच शस्त्रे उचलली गेली. १९४० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात भीम साथीदारांसह धारातीर्थी पडला.

त्यानंतर सरकारला असंतोषाची कारणे शोधावी लागली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंडांमध्ये राहून अहवाल लिहिले आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांची पिळवणूक नोंदवली. पुढे हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले, मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. वर्दीतील अन्यायाची दाद वेळेवर लागली असती, तर यासाठी रक्त सांडावे लागले नसते.

२०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन आसिफाबाद जिल्ह्याला भीमचे नाव मिळाले. दर अश्विन पौर्णिमेला जोडेघाटात आदिवासी त्याला वंदन करतात.