महाविद्यालयाचा जमाखर्च मांडणारे बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण आपण राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून करतो. त्यांच्या चरित्राचे आणखी एक पान मात्र आपल्यासारख्या निवासी शाळेने आवर्जून उघडावे असे आहे. तिजोरी रिकामी, काळ महागाईचा आणि दाराशी शिकू इच्छिणारी मुले उभी, अशा वेळी शिक्षणसंस्था कशी उभारावी व कशी टिकवावी, याचे उत्तर त्या पानावर आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना पैशाची टंचाई बालपणापासून परिचयाची होती. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पोटाला चिमटा काढून त्यांनी ग्रंथ खरेदी केले. पुढे लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली आणि पगारातून रक्कम साठवली. तिला राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राच्या कर्जाची जोड मिळाली, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. भारतीय चलनाच्या समस्येवरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कोठून येतो, कोणाच्या खिशातून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

हीच दृष्टी घेऊन ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९२७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शिक्षण खात्याच्या तरतुदीवर बोलताना त्यांनी सभागृहापुढे दोन आकडे ठेवले. इलाख्यात शिक्षणावर माणशी अवघे १४ आणे खर्च होत होते, तर दारू व तत्सम मालावरील अबकारीतून सरकार माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करीत होते. जनतेकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्चावे, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखवून दिले. मूल अक्षर टिकण्यापूर्वीच शाळा सोडत असेल, तर त्याच्यावर झालेला खर्चही वाया जातो, हा त्यामागील हिशेब होता.

मूल शाळेत टिकवायचे तर त्याला निवारा आणि अन्न हवे. म्हणून २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि सरकारी अनुदानावर वसतिगृहांचे काम पुढे गेले. परंतु १९२९ पासून जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले आणि सरकारने खर्चाला कात्री लावली. वसतिगृहांना अनुदान आधीच अपुरे होते. धारवाडच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण निर्माण झाली असता माता रमाईंनी आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण समाजात आजही गहिवरून सांगितली जाते. ज्या घराने स्वतः वर्षानुवर्षे ओढगस्त सोसली, त्या घराने दिलेली ती देणगी होती. पण एखाद्या माउलीच्या त्यागावर संस्था कायम चालत नाही, तिला उत्पन्नाचा खात्रीशीर स्रोत लागतो, हेही बाबासाहेब जाणून होते. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद सरकारकडून मंजूर करून घेतली. दयेऐवजी अंदाजपत्रकात हक्काची जागा मिळवणे, ही त्यांची रीत होती.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. महायुद्ध नुकतेच संपले होते, धान्य रेशनवर होते आणि महागाई चढत होती. अशा वेळी भव्य इमारतीची वाट पाहत ते थांबले नाहीत. युद्धकाळात लष्करासाठी उभारलेल्या बराकींत वर्ग भरू लागले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळच्या वेळी तासिका ठेवण्यात आल्या. त्यामुळे विद्यार्थ्याची मिळकत बुडाली नाही, त्याला शुल्क भरणे शक्य झाले आणि महाविद्यालयालाही विद्यार्थी मिळाले. काटकसर झाली ती भिंतींमध्ये. ग्रंथालयाच्या बाबतीत बाबासाहेबांचा हात आखडता नव्हता, त्यांच्या स्वतःच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ सिद्धार्थच्या ग्रंथालयात आले.

मराठवाड्यातील काम याहून अवघड होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नसलेल्या त्या प्रदेशात जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. फाळणीचा ताण देशावर होता, अन्नधान्याचा तुटवडा होता आणि सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते. तरीही चलनाचा हा गाढा अभ्यासक डगमगला नाही. हैदराबाद सरकारकडून कर्ज घेऊन जागा व इमारती उभ्या करण्यात आल्या. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद ही नावे देऊन, प्रश्न विचारणारा राजा व उत्तर देणारा भिक्खू यांची परंपरा त्यांनी जिवंत केली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने बाबासाहेबांनी बांधकामाकडे आणि झाडांकडे जातीने लक्ष पुरवले. पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडणाऱ्या वास्तूसाठी कर्ज काढण्यास ते कचरले नाहीत. महाविद्यालयाची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती.

आपल्या परिसराला त्यांचे पाय लागले आहेत. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी केली. त्याच सुमारास पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहत होता. पुढे पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटू लागली. वाहनांची मागणी घटली की येथे ब्लॉक क्लोजर लागते, ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटी कामगाराला प्रथम घरी बसावे लागते आणि त्याची झळ मुलांच्या शुल्काला बसते. २०१९ ची वाहन उद्योगातील मंदी आणि पाठोपाठ आलेला कोरोना यांत हे सर्वांनी अनुभवले आहे.

अशा वर्षी संस्थेचे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांसमोर बाबासाहेबांचा जमाखर्च असावा. समारंभ व सजावट मागे ठेवता येते, जुन्या इमारतीत वर्ग भरवता येतात, कमावत्या विद्यार्थ्यासाठी वेळापत्रक बदलता येते. मंजूर होऊ शकणारी प्रत्येक शिष्यवृत्ती वेळेवर अर्ज करून मिळवता येते. माजी विद्यार्थ्यांचे नियमित, मग ते लहान का असेना, दान वर्षाच्या आरंभीच हिशेबात धरता येते. भोजनगृहातील ताट, ग्रंथालयातील पुस्तक आणि गरीब मुलाची जागा यांना मात्र शेवटपर्यंत हात लावू नये.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी अडचणीच्या काळात उघडलेली महाविद्यालये चालू राहिली आणि त्यांतून शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढच्या पिढीसाठी शाळा व वसतिगृहे काढली. आपली शाळा त्याच परंपरेतील आहे. तिच्या जमाखर्चाची वही नीट राखणे हीही त्या महामानवाला वाहिलेली आदरांजलीच होय.