केरीचे जिवबादादा बक्षी : सीमेवरील एका घराण्याची कुळकथा

पेडणे महालाच्या पूर्वेच्या टोकास आपले इब्रामपूर आणि पश्चिमेच्या टोकास, तेरेखोल नदीच्या मुखाशी, केरी. एकाची शीव घाटाखालच्या मुलुखास भिडलेली, तर दुसऱ्याची समुद्रास. परंतु दोन्ही गावांचे प्राक्तन शतकानुशतके एकच राहिले : वाडीकर सावंत व फिरंगी या दोन सत्तांच्या ओढाताणीत आपले कूळ, दैवत आणि वतन सांभाळणे. अशा सीमेवरच्या मातीतून निघून ज्यांनी थेट दिल्लीपर्यंत आपल्या कर्तृत्वाचा ठसा उमटविला, त्या जिवाजी बल्लाळ केरकर ऊर्फ जिवबादादा बक्षी यांचे चरित्र महाजन कुटुंबांतील तरुण पिढीस ठाऊक असावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न आहे.

जिवबादादांचा जन्म इ. स. १७४० च्या सुमारास केरी येथे एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. ते पाच-सहा वर्षांचे असतील तोच १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी केरीच्या समोर, नदीपलीकडे उभा असलेला तेरेखोलचा किल्लाही त्यांच्या हाती गेला. हळर्णचा विजय त्या व्हाइसरॉयला एवढा मोलाचा वाटला, की पुढे त्याने त्या गावाच्या नावाचीच सरदारकी मिरविली. निशाण बदलले की वसुलीचे माणूस बदलते आणि वतनाचे कागद पुन्हा दाखवावे लागतात, हे या मुलुखातील लोकांना बाळपणापासून कळत असे. लेखणी आणि तलवार या दोन्हींत निष्णात असलेली अनेक शेणवी कुटुंबे याच काळात देशावर व उत्तरेस नशीब काढावयास गेली. जिवबादादाही शिंद्यांच्या चाकरीत शिरले.

महादजी शिंदे माणसांचे पारखी होते. त्यांच्या फौजेत मराठा, शेणवी, मुसलमान आणि फ्रेंच असे सर्व प्रकारचे सरदार एकत्र नांदत. त्या दरबारात केरीचा हा मुलगा बक्षीच्या पदास पोहोचला. बक्षी म्हणजे केवळ पगार वाटणारा अधिकारी नव्हे. फौजेची हजेरी, तिचा खर्च आणि प्रसंगी तिचे नेतृत्वही त्याच्याकडे असे. १७८८ साली गुलाम कादराने बादशहा शाह आलमचे डोळे काढून दिल्लीत अनर्थ मांडला, तेव्हा राणेखानाबरोबर जी मराठी फौज दिल्लीवर गेली, तीत जिवबादादा होते. त्या वर्षाच्या अखेरीस गुलाम कादर पकडला गेला.

येथे एक योगायोग मनास चटका लावून जातो. त्याच १७८८ सालच्या जानेवारीत, कोल्हापूरकरांच्या स्वारीने टेकीस आलेल्या खेम सावंतांनी फिरंग्यांच्या मदतीच्या बदल्यात पेडणे महाल त्यांस कायमचा देऊन टाकला. हे खेम सावंत जयाप्पा शिंद्यांचे जावई, म्हणजे महादजींच्याच घरचे नातलग. बादशहाची राजधानी सोडविण्यास निघालेल्या सेनानीचे जन्मगाव त्याच वर्षी परक्या राज्यात गेले आणि केरीच्या केरकरांस आपला मूळ पुरुष कोणत्या राज्याचा म्हणून सांगावा, हा प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षे पुरला.

पुढील वर्षे धामधुमीची गेली. राजपुतान्यात १७९० साली पाटण व मेडता येथे झालेल्या लढायांच्या मोहिमेत आणि १७९३ च्या लाखेरीच्या संग्रामात शिंद्यांच्या यशामागे डी बॉयनच्या कवायती पलटणींबरोबरच जिवबादादांसारख्या सरदारांचे श्रम होते. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडी येथे महादजी निवर्तले. गादीवर आलेले दौलतराव अल्पवयीन असल्याने फौजेचा भार जुन्या मंडळींवर पडला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर परशुरामभाऊ पटवर्धन जखमी होऊन मराठ्यांची आघाडी डळमळली असता शिंद्यांच्या फौजेने जो धीर धरला, त्याचे श्रेय जिवबादादांकडे जाते. पेशवाईतील हा शेवटचा मोठा एकवटलेला विजय होय.

रणधुरंधर असूनही ते केवळ शिपाईगडी नव्हते. बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये उत्तरेत गेले असता त्यांची व महादजींची भेट जिवबादादांनीच घडवून आणली, असे परंपरा सांगते. महादजी स्वतः पदे रचीत. ती त्यांनी नाथांस दाखविली आणि निःस्पृह नाथांनी त्यांची भीड न धरता स्पष्ट मत दिले. मध्यस्थ म्हणून जिवबादादांची त्या क्षणी काय स्थिती झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

६ जानेवारी १७९६ रोजी जिवबादादा कालवश झाले. ते गेले आणि दौलतरावांच्या दरबारातील एक तोल ढासळला. शेणवी सरदारांविरुद्ध सर्जेराव घाटग्यांनी मांडलेल्या सूडसत्रात जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी यांचा अंगास बाण बांधून अमानुष वध करण्यात आला. घराण्याने दोन पिढ्यांत वैभवही पाहिले आणि हेही पाहिले.

या घराण्याचा माग काढणाऱ्यांसाठी एक खुलासा अगत्याचा आहे. केरकर हे गावावरून पडलेले आडनाव आहे आणि गोव्यात केरी एक नाही. पेडण्यातील ही, सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी असलेली दुसरी आणि विजयादुर्गेमुळे प्रसिद्ध असलेली फोंड्यातील तिसरी. तेव्हा केवळ आडनाव जुळले म्हणून कोणी आपणास बक्षींचे वंशज म्हणवून घेऊ नये. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. पोर्तुगीज अमदानीत १८८६ व पुढे १९३३ च्या नियमांनी देवस्थानांस महाजनांच्या याद्या ठेवणे भाग पडले. त्या याद्या, घरातील जुने मोडी कागद आणि फिरंगी भाषेतील दाखले एकत्र ठेवून पाहिल्यास बऱ्याच कुळांचा उलगडा होऊ शकतो. वाळवीने फस्त केलेला कागद मात्र कोणत्याच पंडिताला वाचता येत नाही. ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी त्या उघडून, कागद उन्हात न घालता सावलीत वाऱ्यावर ठेवावेत आणि त्यांची एक नक्कल देवस्थानच्या दप्तरी द्यावी.