सुधारक, मवाळ की आणखी काही?

मवाळ आणि जहाल, सुधारक आणि सनातनी या शब्दांनी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची वाटणी फार पूर्वीच करून टाकली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या वाट्याला त्यातील सुधारक आणि मवाळ हे दोन शिक्के आले. त्यांच्या चरित्रात मात्र हे दोन्ही शिक्के अपुरे पडतात.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्मलेले रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेचे सूत्रधार बनले. अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरणारा हा सरकारी नोकर सत्ताधाऱ्यांना मात्र निरुपद्रवी वाटला नाही. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानंतर १८७९ मध्ये त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्या टपालावर पाळत ठेवली गेली.

सुधारकाची कसोटी घरातच लागली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. टीका झाली आणि ती रास्तच होती. तथापि, घरातील स्त्रियांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला शिकविले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्याच्या सेवासदनाचा विस्तार केला.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. रानड्यांनी कायद्याला पाठिंबा दिला, लोकमान्य टिळकांनी विरोध केला. टिळकांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारच्या हस्तक्षेपावर होता. म्हणजे राजकारणातील जहाल नेता येथे सनातन्यांच्या बाजूस दिसला आणि मवाळ नेता समाजकारणात धाडसी ठरला. पंचहौद मिशनमधील चहापानानंतर प्रायश्चित्त मात्र दोघांनीही घेतले.

अर्थकारणातही रानडे साच्यात बसले नाहीत. उदारमतवादी म्हणविले जात असूनही, येथील उद्योगांना सरकारने आधार दिला पाहिजे, असे त्यांनी आग्रहाने मांडले.

१६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. कोणता बदल, कोणी आणि किती वेगाने घडवावा, या तीन प्रश्नांची त्यांची उत्तरे निरनिराळी होती. एकच शिक्का या तिन्ही उत्तरांना पुरत नाही, हे त्यांचे चरित्र दाखवून देते.