कार्ल लँडस्टायनर : रक्ताचे गट शोधणारा डॉक्टर

दर्यापुरात रक्तदान शिबिर लागलं की शाळेतली मुलं हमखास विचारतात, की रक्त तर सगळ्यांचं लालच असतं, मग गट कशाला पाहतात? याचं उत्तर कार्ल लँडस्टायनर यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळ झाला. वडील नावाजलेले पत्रकार होते, पण कार्ल लहान असतानाच ते वारले. आईनेच त्यांना वाढवलं, शिकवलं. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. मात्र दवाखाना टाकण्यापेक्षा त्यांचा जीव प्रयोगशाळेत जास्त रमला.

त्या काळी रक्त चढवणं म्हणजे जुगारच होता. एक रोगी वाचायचा, दुसरा तडफडून मरायचा, आणि कारण कोणालाच कळत नव्हतं. लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सोबत काम करणाऱ्यांचं रक्त घेतलं. एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काहींत गुठळ्या झाल्या, काहींत नाही. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले. आज आपण त्यांना ए, बी आणि ओ म्हणतो. एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात हालाखी आली. ते आधी हॉलंडला आणि नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक शोधला. आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते हेच. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जूनला ते गेले. त्यांचा जन्मदिवस आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यानंतर १९५२ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट शोधला. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ओ वाटतो, पण या माणसाला ओ रक्तही चालत नाही. म्हणूनच पेशींसोबत सीरमही तपासतात आणि बाटली लावण्याआधी रोग्याचं व दात्याचं रक्त जुळवून पाहतात.

एवढं असूनही चूक होते, आणि ती बहुतेकदा नावात होते. माझे मामू एका दवाखान्यात भरती होते. शेजारच्या खाटेवर त्याच नावाचे दुसरे चाचा होते. रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरने नाव पुकारलं, तर दोघांनीही हो म्हटलं! वडिलांचं नाव विचारलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. आपल्याकडे एका मोहल्ल्यात चार शेख सलीम सापडतात. नळीत कोणाचं रक्त आहे, हे नळी कशी सांगणार?

म्हणून रोग्याने आपलं पूर्ण नाव स्वतः सांगावं. नळीवरची चिठ्ठी खाटेजवळच, आपल्यासमोर लिहून घ्यावी. बाटली लावताना नाव, नोंदणी क्रमांक आणि गट दोघांनी मिळून वाचावा, असा आग्रह धरावा. विचारायला लाजू नका. कोणी चिडलं तरी चालेल, पण जीव वाचतो.