सुमित्र मंगेश कत्रे : एका अभ्यासपद्धतीची जडणघडण

विद्वानाचे मोठेपण त्याच्या ग्रंथांवरून ठरविण्याची आपली रीत आहे. सुमित्र मंगेश कत्रे (१९०६-१९९८) यांच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. त्यांची ग्रंथरचना थोडी नाही. परंतु भाषेविषयीचा पुरावा कसा गोळा करावा, कसा पारखावा आणि त्याच्या आधारे किती बोलावे, हे एका गुरूच्या सहवासावर न सोपविता रीतसर शिकविता येते, ही जाणीव त्यांनी पुण्यात संस्थारूपाने उभी केली. त्यांचे चरित्र पाहावयाचे ते मुख्यतः या दृष्टीने.

कत्रे यांचा जन्म ११ एप्रिल १९०६ रोजी उत्तर कानड्यातील होनावर येथे झाला. हा प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. घरची भाषा कोकणी आणि भोवतालची कानडी. भाषाभेदाचा हा अनुभव त्यांना शास्त्राच्या आधीच मिळाला होता. पुढे लंडन विद्यापीठातून त्यांनी १९३१ मध्ये पीएच.डी. मिळविली. त्याच वर्षी, तेथील संस्कृतचे प्राध्यापक राल्फ टर्नर यांचा नेपाळी व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाला होता. भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक अभ्यासाला भक्कम बैठक लाभण्याचा तो काळ होता. मराठीपुरते हे काम झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० च्या आपल्या ग्रंथात करून ठेवले होते.

कत्रे यांची कारकीर्द घडली ती डेक्कन कॉलेजात. १९३४ मध्ये बंद पडलेले हे जुने महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले. तेथे हसमुख सांकलिया पुरातत्त्वाचे, इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्राचे आणि कत्रे भाषाशास्त्राचे काम पाहू लागले. १९४२ मध्ये संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले व ते १९७१ पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

आरंभीच्या वर्षांतील त्यांच्या दोन ग्रंथांत पुढील कार्याचे बीज दिसते. १९४१ चा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथ मुळातच शिकाऊ अभ्यासकासाठी लिहिलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. अनेक लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहण्याची जी शिस्त तेथे रूढ झाली होती, तिचे पायरीपायरीने केलेले विवरण या छोट्या पुस्तकात आहे. प्रती कोठे शोधाव्यात, त्यांचे परस्परसंबंध कसे ठरवावेत आणि दुरुस्तीचा अधिकार संपादकाने कधी वापरावा, या क्रमाने विद्यार्थ्याला ते पुढे नेते.

दुसरा ग्रंथ कोकणीच्या घडणीविषयीचा, १९४२ चा. त्यात कोकणीच्या निरनिराळ्या बोलींतील ध्वनी व रूपे तपासून, कोकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे या निष्कर्षाकडे कत्रे आले. मराठी विद्वानांना हे मत सहज रुचण्याजोगे नव्हते. कत्रे यांनी मात्र हा वाद अस्मितेच्या पातळीवरून काढून ध्वनिपरिवर्तनाच्या आणि विभक्तिरूपांच्या पातळीवर आणला. पुढे अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी माला सिद्ध केली, तिचा आरंभ १९६३ मध्ये दक्षिण कानड्यातील कोकणीच्या वर्णनाने झाला. मालेच्या नावात मराठी बोली आणि पहिल्या खंडात कोकणी हा तिढा तसाच राहिला, परंतु बोलण्यासाठी दोन्ही बाजूंना पुरावा लागू लागला.

१९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ त्यासाठी निवडण्यात आले आणि सुमारे पाव शतकाच्या वाचनातून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द नोंदवावयाचा तो त्याच्या प्रयोगासह आणि स्थळनिर्देशासह. आज संगणकावर संकलित होणाऱ्या भाषिक सामग्रीचे हे हस्तलिखित पूर्वरूपच होय. हे काम कारकुनीचे वाटते, पण तसे नाही. वाचकाला अपरिचित शब्द चटकन दिसतो आणि नेहमीचा शब्द नजरेतून निसटतो. परिणामी, जो शब्द सर्वांत अधिक वापरला गेला त्याच्याच छटा संग्रहात कमी पडण्याचा धोका असतो. कोणते उदाहरण नवा अर्थ दाखविते व कोणते केवळ पुनरुक्ती आहे, याचा विवेक चिठ्ठ्या लिहूनच येतो. त्यामुळे कोशाची चिठ्ठीशाळा ही अनेक तरुण संस्कृतज्ञांची खरी शाळा ठरली.

बोलल्या जाणाऱ्या भाषेचा अभ्यास मात्र चिठ्ठ्यांनी होत नाही. संस्थेत सी. आर. शंकरन यांनी ध्वनिविज्ञानाची प्रयोगशाळा चालविली व उच्चारित ध्वनींच्या यांत्रिक मापनाकडे लक्ष वेधले. परंतु देशभर भाषा शिकविणाऱ्यांपैकी बहुतेकांना ध्वनिलेखनाची साधी ओळखही नव्हती. १९५३ मध्ये भाषातज्ज्ञ व शिक्षणतज्ज्ञ यांची एक परिषद पुण्यात भरली आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ पासून भाषाप्रकल्प सुरू झाला. त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यात पहिले हिवाळी विद्यालय भरले. पुढे उन्हाळी विद्यालये देहरादून, कोइमतूर अशा दूरच्या ठिकाणीही भरविण्यात आली. १९५५ च्या सुमारास चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गंपर्झ, विल्यम ब्राइट हे अमेरिकन अभ्यासक पुण्यात होते. तरुण भारतीय अध्यापकांना परदेशी शिक्षणासाठी पाठविण्याची सोयही प्रकल्पात होती.

या विद्यालयांतून आलेली दृष्टी कत्रे यांच्या स्वतःच्या शिक्षणाहून वेगळी होती. ते ऐतिहासिक व्युत्पत्तीच्या परंपरेतले. नव्या वर्णनात्मक भाषाविज्ञानाला शब्दाचा पूर्वेतिहास गौण वाटे. भाषकासमोर बसावे, त्याचे बोलणे जसेच्या तसे टिपावे आणि त्यातूनच स्वनिम व रूपे यांची व्यवस्था उलगडावी, हा त्याचा आग्रह होता. ज्या पद्धतीपुढे आपलीच विद्या जुनी ठरण्याचा संभव, तिला आपल्या संस्थेत जागा देणे सोपे नसते. कत्रे यांनी ती दिली. परक्या पैशावर व परक्या मतावर विसंबण्याचा दोष या प्रकल्पाला लावता येईल. एकाच संप्रदायाच्या चौकटीत पुढची पिढी काही काळ अडकली, हेही खरे. परंतु याच पिढीतील, १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी व रूपांवर प्रबंध लिहिणारे अशोक केळकर पुढे डेक्कन कॉलेजात आले आणि मराठीचा विचार त्या चौकटीच्या पलीकडे घेऊन गेले. नव्या विद्येला जुन्याच्या शेजारी बसविल्याने हे शक्य झाले.

याची किंमत कत्रे यांनी दिली. कोकणीवरील त्यांचे संशोधन १९४२ च्या ग्रंथापलीकडे त्याच जोमाने पुढे गेले नाही. उमेदीची वर्षे प्रशासन, निधी व नियोजन यांत गेली. महाकोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव होते घाटगे यांचे. त्यानंतरही या कोशाची कित्येक दशके ‘अ’ या आद्याक्षराच्या शब्दांतच गेली.

संचालकपदाच्या धावपळीतही पाणिनी त्यांच्या हातून सुटला नव्हता. १९६८-६९ मध्ये त्यांचा तीन भागांतील पाणिनिकोश प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि अष्टाध्यायीचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. पाणिनीचे काम त्यांनी एकट्याने आरंभिले आणि एकट्याने तडीस नेले. महाकोशाचे काम मात्र एका आयुष्यात संपणारे नव्हते. त्यासाठी एकामागून एक अभ्यासक तयार होत राहणे आवश्यक होते आणि ती तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती.