डॉ. शंभुनाथ डे
पटकीचे जंतू आतड्यात विष सोडत असावेत, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये केला होता. त्याचा पुरावा मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. तो ज्यांनी दिला, त्या डॉ. डे यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. लंडनहून पीएच.डी. होऊन ते कलकत्त्यास परतले व अध्यापन करू लागले. सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी आत जंतू सोडले; तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे जंतू गाळून काढून उरलेला नुसता द्रव घातला, तरी तेच घडले! हा लहानसा निबंध १९५९ साली ‘नेचर’मध्ये छापून आला.

आरंभी त्याकडे फारसे कोणी वळले नाही. नंतर मात्र संशोधक वारंवार त्याचा आधार घेऊ लागले. तोंडावाटे द्यावयाच्या पटकीच्या एका लसीत तर याच विषाचा निरुपद्रवी अंश असतो. १९७८ मध्ये डे यांना स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. स्वदेशातील एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

कोणाचा निबंध किती जणांनी आधारास घेतला, याची सूची प्रथम सिद्ध करणाऱ्या यूजीन गारफील्ड यांनी डे यांच्या कार्याचे मोल दाखविणारा लेख १९८६ मध्ये लिहिला. डे १९८५ च्या एप्रिलातच निवर्तले होते.