बेचाळीस यंत्रं आणि एक पासपोर्ट

शाळेत भूगोलाच्या पेपरात जगाच्या नकाशावर समुद्रप्रवाह दाखवायचे असत. लाल बाण गरम, निळा बाण थंड. दक्षिण अमेरिकेच्या डाव्या अंगाला, चिली आणि पेरूच्या किनाऱ्यानं वर जाणारा निळा बाण म्हणजे हंबोल्ट. तो बाण मी कितीतरी वेळा काढला, पण हंबोल्ट हे एखाद्या गावाचं नाव असावं अशीच माझी समजूत होती. तो माणूस होता, आणि तोही आपल्याच जातकुळीतला, म्हणजे इंजिनियर, हे कळायला सेकंड इयरचं सर्व्हेइंग उजाडावं लागलं. बॅरोमीटरनं डोंगराची उंची काढायची पद्धत सांगताना सरांनी त्याचं नाव सहज घेतलं आणि ते पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकलो.

त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक त्याला थेट डोंगरावर चढवतात. मला सगळ्यात जास्त आवडला तो त्याच्या आधीचा भाग. हा माणूस दक्षिण अमेरिकेला निघाला, त्याआधी अडीच वर्षं तो नुसता निघतच होता! आमच्या विंगमध्ये ट्रिप ठरवताना जे होतं ना, कुणाचं सबमिशन, कुणाच्या घरून नाही, गाडीवाला ऐनवेळी पलटला... तेच, फक्त मध्ये नेपोलियन.

अलेक्झांडर फॉन हंबोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ चा, बर्लिनमधला. घर श्रीमंत. वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. आई कडक होती. तिला दोन्ही मुलं सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर बघायची होती. थोरला विल्हेल्म अभ्यासू. धाकटा खिशात किडे, दगड, झाडपाला घेऊन घरी यायचा, म्हणून घरातले त्याला छोटा औषधवाला म्हणून चिडवायचे. पुढे गटिंगेनला शिकताना त्याची ओळख गेऑर्ग फोर्स्टरशी झाली. हा फोर्स्टर कॅप्टन कुकबरोबर जगाला वळसा घालून आलेला. १७९० साली दोघं मिळून ऱ्हाइन नदीच्या काठानं खाली उतरत इंग्लंडपर्यंत गेले. लंडनच्या धक्क्यावर जगभरची जहाजं उभी, आणि हा परत येऊन हिशेबाच्या आणि व्यापाराच्या कॉलेजात बसला, कारण आईची तशी इच्छा.

मग त्यानं एक मधला रस्ता काढला, जो मला फार हुशारीचा वाटतो. त्यानं फ्रायबेर्गच्या मायनिंग अकॅडमीत प्रवेश घेतला. आईला सरकारी नोकरीचा रस्ता दिसला, ह्याला जमिनीखालचं जग मिळालं. पहाटे खाणीत उतरायचं, दुपारपासून लेक्चर, संध्याकाळी पुन्हा झाडं गोळा करत हिंडायचं. अंधाऱ्या खाणीत उगवणाऱ्या वनस्पतींवर त्यानं एक पुस्तकही काढलं. १७९२ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, तो प्रशियाच्या खाण खात्यात नोकरीला लागला आणि भराभर वर चढला.

त्याच्या नोकरीचा एक किस्सा आपल्या कॉलेजात सांगण्यासारखा आहे. खाणीत काम करणाऱ्या माणसांना आपण काय खोदतोय, कोणती हवा विषारी, काहीच शिकवलेलं नसायचं. ह्यानं १७९३ मध्ये श्टेबेन नावाच्या गावात खाणकामगारांसाठी शाळा काढली, तीसुद्धा स्वतःच्या पगारातून. कोंदट हवेत जळणारा दिवा आणि श्वास घ्यायचं एक उपकरण त्यानं तयार केलं. ह्या दिव्याची चाचणी घ्यायला तो खाणीच्या एका बंद भागात स्वतःच शिरला आणि बेशुद्ध पडला. साथीदारानं त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. शुद्धीवर आल्यावर त्याला कसला आनंद झाला असेल, तर दिवा अजून जळत होता ह्याचा. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या रीडिंग्ज कशा भरल्या जातात ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ह्या विषयावर मी जास्त बोलत नाही.

नोव्हेंबर १७९६ मध्ये आई कॅन्सरनं गेली. हंबोल्टच्या वाट्याला जवळजवळ १ लाख थालर आले आणि काही महिन्यांतच त्यानं राजीनामा दिला. आईसाठी त्यानं फार शोक केल्याचं दिसत नाही. उलट एक दार उघडल्यासारखं त्याचं वागणं आहे. हे वाचून मला कसंतरीच झालं. (माझी आई हा अंक वाचते, म्हणून मुद्दाम लिहितो.) पण एवढं खरं, की तिच्या हयातीत त्यानं तिचा शब्द मोडला नाही, आणि तिच्या पैशानंच तो तिला नको असलेल्या ठिकाणी गेला.

आता तयारी. नुसतं जायचंय म्हणून जायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. येनाला शरीरशास्त्र शिकून घेतलं, व्हिएन्नाच्या काचघरांत गरम देशातली झाडं पाहून ठेवली, आणि साल्झबुर्गच्या डोंगरांत अख्खा हिवाळा यंत्रांचा सराव केला. परदेशात जाऊन मॅन्युअल उघडणाऱ्यांतला तो नव्हता. यंत्रं जमवली ती एकूण बेचाळीस, प्रत्येक आपापल्या मखमली पेटीत. सेक्स्टंट, क्रोनोमीटर, बॅरोमीटर, थर्मामीटर, दुर्बिणी, चुंबकाची सुई किती झुकते ते मोजणारं यंत्र, आणि आकाश किती निळं आहे हे मोजायचं सायनोमीटर! निळ्या छटांची एक गोल पट्टी, ती आभाळासमोर धरायची आणि नंबर वाचायचा. हे मला इतकं आवडलं, की मी शेड कार्डावर करून बघितलं.

सामान तयार, माणूस तयार, पण जायचं कुठे आणि कसं? पहिला बेत इटलीचे ज्वालामुखी. तिथे नेपोलियनचं सैन्य. दुसरा बेत एका इंग्रज लॉर्डबरोबर इजिप्त. त्या लॉर्डलाच फ्रेंचांनी मिलानमध्ये अटक केली. मग १७९८ मध्ये तो पॅरिसला आला. तिथून जगप्रदक्षिणेची मोठी सरकारी मोहीम निघणार होती, तिच्यात त्याला जागा मिळाली. पण युद्धामुळे तिजोरीत खडखडाट, मोहीम बेमुदत पुढे ढकलली गेली. ह्या सगळ्यात एकच चांगली गोष्ट झाली. तो राहत होता त्याच इमारतीत एमे बोंप्लां नावाचा तरुण राहत होता, डॉक्टरीचं शिक्षण आणि झाडांचं वेड. जिन्यात येताजाता त्याच्या खांद्याला अडकवलेली झाडं ठेवायची पेटी हंबोल्टनं पाहिली आणि दोघांचं जमलं. मोहीम रद्द झालेली, त्यात बोंप्लांही अडकलेला. रूम पार्टनर मिळावा तर असा.

दोघं मार्सेलला गेले. अल्जियर्सला जाणाऱ्या स्वीडिश जहाजाची दोन महिने वाट पाहिली. रोज टेकडीवर चढून समुद्राकडे बघायचं. मग बातमी आली, की जहाज पोर्तुगालजवळ वादळात मोडकळलं. नंतर ट्युनिसला जाणारं दुसरं जहाज मिळालं, तर तिथे फ्रान्सहून येणाऱ्यांना तुरुंगात टाकत आहेत असं कळलं. शेवटी कंटाळून दोघं स्पेनला निघाले. आणि ह्या निराश प्रवासातही हा गृहस्थ वाटेत थांबून थांबून बॅरोमीटरची रीडिंग्ज घेत होता. त्यातून मध्य स्पेन हे एक उंच पठार आहे, हे आकड्यांत मांडलं गेलं.

माद्रिदला नशीब फिरलं. दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि परक्या माणसाला तिथे पाय ठेवू देत नसत. सॅक्सनीच्या वकिलानं त्याची गाठ मंत्री उर्किखोशी घालून दिली आणि मार्च १७९९ मध्ये तो राजा चौथा कार्लोस ह्याच्यासमोर उभा राहिला. राजाला वसाहतींतल्या सोन्याचांदीची काळजी, आणि समोर तर शिकलेला खाण इंजिनियर. शिवाय खर्च स्वतःचा करणार, राजाच्या संग्रहाला नमुने पाठवणार. मिळाला पासपोर्ट! हवं तिथे हिंडायची, हवं ते मोजायची मुभा, आणि अधिकाऱ्यांनी ह्याला अडवू नये असा हुकूम. आईच्या समाधानासाठी घेतलेलं शिक्षण असं कामाला आलं.

५ जून १७९९ रोजी ला कोरुन्या बंदरातून पिझारो नावाचं जहाज निघालं. बाहेर इंग्रजी युद्धनौकांचा पहारा, तो चुकवून. जायचं होतं क्युबाला. पण जहाजावर तापाची साथ आली, म्हणून कप्तानानं सगळ्यात जवळचं बंदर गाठलं. १६ जुलैला हंबोल्ट उतरला तो व्हेनेझुएलातल्या कुमानाला. म्हणजे इतक्या तयारीनंतर जो देश त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला, तो बेतात नव्हताच.

कुमानाला त्यानं भाड्यानं घेतलेलं घर मोठ्या चौकात होतं आणि त्याच चौकात गुलामांचा बाजार भरायचा. आफ्रिकेतून आणलेल्या पोरांच्या अंगाला खोबरेल चोळायला लावायचे, कातडी चकाकावी म्हणून. गिऱ्हाईक येऊन तोंड उघडून दात तपासायचं, घोड्याचे तपासतात तसे. हंबोल्टनं हे खिडकीतून पाहिलं आणि गुलामगिरीबद्दलचा त्याचा राग मरेपर्यंत गेला नाही. मला इथे एक गोष्ट टोचते. ज्या राजाच्या राज्यात हे चाललं होतं, त्याचाच पासपोर्ट ह्याच्या खिशात होता. तो नसता तर ही खिडकीही नसती.

पुढची पाच वर्षं म्हणजे खजिना आहे, पण पानं मोजकी आहेत. व्हालेन्सिया सरोवराचं पाणी दरवर्षी का घटतं, असं गावकरी विचारायचे. त्यांना वाटायचं तळाला भोक आहे. ह्यानं मोजमाप करून सांगितलं, की डोंगरावरचं जंगल तोडलंत, ओढे शेतीकडे वळवलेत, म्हणून. सन १८०० मध्ये! त्याच वर्षी यानोसच्या मैदानात त्यानं विजेचे मासे पाहिले. तळ्यात घोडे घुसवले, माशांनी झटके दिले, दोन घोडे मेले. मग मासे दमल्यावर ह्या दोघांनी ते हातात धरून स्वतः शॉक खाल्ले. ओरिनोको नदीत एका लांब अरुंद होडीतून त्यांनी पंच्याहत्तर दिवस काढले. बरोबर पिंजऱ्यांत माकडं आणि पोपट, अंगावर डासांचे ढग. ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांना जोडणारा कासिकियारे नावाचा प्रवाह खरंच आहे, हे तिथल्या लोकांना माहीतच होतं. ह्यानं तो रीडिंग्जसकट नकाशावर आणला.

२३ जून १८०२ रोजी तो इक्वेडोरमधल्या चिंबोराझोवर चढला. तेव्हा तो जगातला सर्वांत उंच डोंगर समजला जायचा. हमाल अर्ध्यातून परतले. हंबोल्ट, बोंप्लां, कार्लोस मोन्तुफार आणि एक स्थानिक माणूस एवढेच पुढे राहिले. त्या स्थानिक माणसाचं नाव कुठल्या चढाईच्या गोष्टीत ठळक नसतं, ह्याचं वाईट वाटतं. हिरड्यांतून रक्त, बुटांच्या चिंध्या, दोन्हीकडे उतार, आणि दर थोड्या वेळानं थांबून थंडीनं आखडलेल्या बोटांनी बॅरोमीटर लावायचा. शिखर बाकी असताना समोर मोठी भेग आली. त्याच्या हिशेबानं उंची होती ५,८७८ मीटर. खाली आल्यावर त्यानं त्या डोंगराचा उभा छेद काढला आणि कोणत्या उंचीला कोणती झाडं ते त्यावर लिहिलं. एकाच चित्रात अख्खा डेटा!

पेरूच्या किनाऱ्यावर त्यानं थंड प्रवाहाचं तापमान घेतलं. तोच माझा निळा बाण. पुढे त्या प्रवाहाला त्याचं नाव दिलं, तेव्हा त्यानं स्वतःच हरकत घेतली. चिलीपासून पेरूपर्यंतच्या कोळ्यांची पोरंसुद्धा हा प्रवाह तीनशे वर्षं ओळखतात, मी फक्त तो मोजला, असं त्याचं म्हणणं होतं.

१८०४ मध्ये तो परतला, सुमारे ६०,००० वाळवलेले वनस्पतींचे नमुने घेऊन. उरलेले पैसे पुस्तकं छापण्यात गेले. क्युबावरच्या पुस्तकात त्यानं गुलामगिरीवर सडकून लिहिलं. १८५६ साली अमेरिकेत त्याचं भाषांतर छापताना नेमकं तेवढंच प्रकरण गाळलं, तर ह्या ८६ वर्षांच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्रांतून जाहीर निषेध केला. मात्र १८२९ साली रशियाला जाताना, तिथल्या लोकांच्या परिस्थितीबद्दल बोलणार नाही हे त्यानं मान्य केलं होतं. खर्च झारचा होता. मी होस्टेलवर ह्यावरून पुष्कळ वाद घातलाय. माझा पार्टनर म्हणतो, जायला मिळालं हेच महत्त्वाचं. मला ते अजून पटत नाही.

आणि एका देशाचा पासपोर्ट त्याला मिळालाच नाही, तो म्हणजे आपला. हिमालय मोजायचा म्हणून तो १८१४, १८१७ आणि १८१८ साली लंडनला गेला. ईस्ट इंडिया कंपनीनं परवानगी दिली नाही. स्पेनच्या वसाहतींबद्दल त्यानं काय लिहिलंय ते कंपनीनं वाचलं असणार, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच्या शिफारशीनं श्लागिंटवाइट भाऊ १८५४ साली मुंबईत उतरले आणि हिमालयात गेले. हंबोल्ट स्वतः ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, बर्लिनमध्ये गेला.

एक धागा मात्र इकडे पोचला. पृथ्वीचं चुंबकत्व जगभर एकाच वेळी मोजलं पाहिजे म्हणून त्यानं १८३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं आणि ब्रिटिशांनी ठिकठिकाणी वेधशाळा सुरू केल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ह्या नोंदी होऊ लागल्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया हलणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेलं. तिथे नोंदी अजून चालू आहेत. आम्ही चौघांनी जायचं ठरवलंय. पत्र टाईप करून, चौघांच्या सह्या घेऊन एचओडी सरांच्या टेबलावर ठेवलंय, त्याला आज अकरावा दिवस.